सहा दिवसांचा अर्थ : ‘उत्पत्ती’तील सृष्टिवृत्तान्त आणि ख्रिस्ती अर्थनिर्णयाची परंपरा

प्रस्तावना

१

बायबलचा आरंभ ज्या ग्रंथाने होतो त्याला मराठीत ‘उत्पत्ती’ असे नाव असून, त्याच्या पहिल्या दोन अध्यायांत जगाच्या आणि मानवाच्या निर्मितीचा वृत्तान्त सांगितलेला आहे. हा मजकूर इतका थोडका आहे की तो सावकाश मोठ्याने वाचला तरी दहा-बारा मिनिटांत संपतो. पण त्याचा अर्थ कसा लावावा याबद्दल ख्रिस्ती विचारवंतांमध्ये गेली अठरा शतके चालत आलेला वाद अजून मिटलेला नाही. या वादाबद्दल सर्वसाधारण समज असा आहे की, १८५९ साली चार्ल्स डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध होईपर्यंत सारे ख्रिस्ती लोक हा वृत्तान्त अक्षरशः खरा मानत होते, विज्ञानाने त्यांना हादरा दिला आणि मग त्यांपैकी काहींनी नाइलाजाने रूपकाचा आश्रय घेतला. हा समज इतिहासाला धरून नाही. वृत्तान्तातील ‘दिवस’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा जन्मही झालेला नव्हता तेव्हापासून विचारला जात होता, आणि तो विचारणारे लोक धर्माचे टीकाकार नसून धर्माचे आचार्य होते.

या वादाचा गाभा विज्ञान खरे की धर्म खरा, हा नाही. अमर्याद ईश्वर मर्यादित माणसाशी माणसाच्याच भाषेत बोलतो, असे मानले की त्या बोलण्यात ईश्वराचे कथन कोणते आणि श्रोत्याच्या समजुतीसाठी योजलेले साधन कोणते, हे कसे ठरवायचे, असा तो प्रश्न आहे. त्याला निरनिराळ्या काळी दिलेली उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते : प्रत्येक मत मजकुरातील एक अडचण सोडवते आणि ती सोडवताना दुसरी एखादी अडचण पत्करते. कोणत्या मताने कशाची किंमत मोजली, हे पाहिल्याशिवाय त्या मताबद्दल न्याय्य निर्णय देता येत नाही, आणि पुढील विवेचन याच दृष्टीने केलेले आहे.

२

प्रथम मूळ मजकूर पाहिला पाहिजे. पहिला वृत्तान्त पहिल्या अध्यायाच्या आरंभापासून दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनापर्यंत जातो. त्यात ईश्वर केवळ आज्ञेने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करतो आणि सातव्या दिवशी विसावा घेतो. पहिल्या दिवशी प्रकाश, दुसऱ्या दिवशी वरचे व खालचे जल वेगळे करणारे अंतराळ, तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि वनस्पती, चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र व तारे, पाचव्या दिवशी जलचर आणि पक्षी, तर सहाव्या दिवशी जमिनीवरचे पशू आणि अखेरीस ईश्वराच्या प्रतिरूपात घडवलेले स्त्री-पुरुष, असा त्याचा क्रम आहे. त्यानंतर सुरू होणारा दुसरा वृत्तान्त निराळ्या धाटणीचा आहे. त्यात दिवसांची गणती नाही. ईश्वर मातीपासून पुरुषाची आकृती घडवून तिच्यात श्वास फुंकतो, एदेन येथे बाग लावतो, पुरुषाला सोबत हवी म्हणून पशुपक्षी घडवून त्याच्यापुढे आणतो आणि शेवटी त्याच्या बरगडीपासून स्त्री निर्माण करतो.

सावधपणे वाचणाऱ्या कोणालाही येथे दोन प्रश्न पडतात. सूर्य जर चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर आधीच्या तीन दिवसांच्या सकाळ-संध्याकाळ कशा झाल्या? आणि पहिल्या वृत्तान्तात वनस्पती, पशू व मग मानव असा क्रम असताना दुसऱ्यात पुरुष पशूंच्या आधी कसा येतो? हे प्रश्न बाहेरून लादलेले नाहीत. ते मजकुराच्या पोटातूनच निघतात.

युगे, मन्वंतरे आणि कल्प यांच्या अवाढव्य कालगणनेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला, सृष्टी सहा हजार वर्षांपूर्वीची की त्याहून फार जुनी, यावरून एवढा वाद का व्हावा, हे चटकन उमगणार नाही. त्याचे कारण असे की, ख्रिस्ती विचारात काळ हा चक्राकार नसून एका आरंभापासून एका अंताकडे जाणारा आहे, आणि आदामापासून येशूपर्यंतची वंशावळ ही त्या काळाचा कणा आहे. नव्या करारात प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर ठेवतो : एकाच्या अपराधाने पाप व मरण जगात आले, दुसऱ्याच्या आज्ञापालनाने तारण आले. त्यामुळे पहिल्या पानावरील ‘दिवसा’चा अर्थ बदलला की त्याचे पडसाद थेट तारणाच्या सिद्धान्तापर्यंत पोहोचतात, आणि म्हणूनच हा वाद केवळ कालगणनेचा राहत नाही.

३

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा आचार्य ओरिजेन याने, सूर्य-चंद्राविना तीन दिवस झाले असे समंजस माणूस शब्दशः कसे मानील, असा प्रश्न उघडपणे विचारला. शास्त्रवचनातील अशा अडखळवणाऱ्या जागा ईश्वराने मुद्दाम ठेवल्या असून, वाचकाने वरवरच्या अर्थावर न थांबता आतल्या आध्यात्मिक अर्थाकडे जावे हाच त्यांचा हेतू आहे, असे त्याचे म्हणणे होते. हे मत अडचणीलाच अर्थाचे दार करते. पण एकदा ते दार उघडले की भाष्यकाराने कोठे थांबायचे याला धरबंध उरत नाही.

हा धोका चौथ्या शतकातील कप्पदोकियाचा बिशप बासील याने ओळखला. सहा दिवसांच्या कार्यावर त्याने दिलेली नऊ प्रवचने प्रसिद्ध असून, या विषयावरील ग्रंथांना पुढे ‘हेक्साएमेरॉन’, म्हणजे ‘सहा दिवसांचे भाष्य’, हे जे नाव रूढ झाले त्यामागे या प्रवचनांचा मोठा वाटा आहे. त्याच्या श्रोत्यांत रोजच्या मजुरीवर पोट असलेले कारागीर होते, आणि त्यांचे काम खोळंबू नये म्हणून प्रवचन आवरते घेतले पाहिजे, असे तो स्वतःच बोलून दाखवतो. अशा श्रोत्यांपुढे त्याने रूपकांचा अतिरेक नाकारला आणि गवत म्हणजे गवत, मासा म्हणजे मासा, असाच अर्थ घेण्याचा आग्रह धरला. सरळ अर्थाच्या परंपरेला इतका जुना आणि इतका आदरणीय आधार आहे, हे तिच्या टीकाकारांनीही विसरता कामा नये.

या दोन टोकांमध्ये सर्वांत चिवट परिश्रम केले ते उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचा बिशप ऑगस्टीन याने. तारुण्यात तो मणिपंथी होता. हा पंथ जुन्या कराराची, विशेषतः ‘उत्पत्ती’ची, टवाळी करत असे. ख्रिस्ती झाल्यावर त्याने या अध्यायांवर पुनःपुन्हा लिहिले, आणि त्यांपैकी बारा खंडांचे प्रमुख भाष्य सुमारे ४०१ ते ४१५ या काळात सिद्ध झाले. त्याच्या नावातच ‘शब्दशः अर्थ’ असा निर्देश आहे. पण ऑगस्टीनच्या लेखी शब्दशः अर्थ म्हणजे भविष्यसूचक रूपक बाजूला ठेवून ‘खरोखर काय घडले’ याचा शोध. तो शोध घेताना तो या निष्कर्षाला आला की ईश्वराने सर्व काही एकाच क्षणी निर्माण केले, काही गोष्टी पूर्ण रूपात आणि काही बीजरूपात. आणि सहा दिवस म्हणजे काळाचे सहा तुकडे नसून देवदूतांच्या बुद्धीला झालेल्या सृष्टिज्ञानाचा क्रम आहे. मजकुरातील सकाळ-संध्याकाळ या साध्या शब्दांपासून हे मत बरेच दूर जाते, आणि ही त्याची किंमत आहे. तथापि त्याच ग्रंथातील एक इशारा पुढच्या सर्व शतकांना मार्गदर्शक ठरला. आकाश, ग्रहगती, ऋतू यांविषयी परधर्मीय माणसाला तर्काने आणि अनुभवाने पक्के ठाऊक असते. अशा विषयात ख्रिस्ती माणूस शास्त्रवचनाचा हवाला देऊन अज्ञान पाजळू लागला, तर त्याच शास्त्रातील पुनरुत्थानाच्या आशेवर कोणी का विश्वास ठेवावा, असे ऑगस्टीनने बजावले होते. १६१५ साली गॅलिलिओने टस्कनीच्या राजमाता क्रिस्टिना यांना उद्देशून आपली बाजू मांडली तेव्हा त्याने आधार घेतला तो ऑगस्टीनच्या याच ग्रंथाचा.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने बासील आणि ऑगस्टीन या दोघांचीही मते आदराने मांडली. ईश्वराने जग निर्माण केले हे श्रद्धेचे सत्य आहे, ते कोणत्या क्रमाने केले यावर आचार्यांत मतभेद असू शकतो, हा त्याने केलेला भेद मध्ययुगीन विचाराची मोठी देणगी आहे.

४

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने शास्त्रवचनाला सर्वोच्च अधिकार दिला आणि स्वाभाविकपणेच सरळ अर्थाचे वजन वाढले. मार्टिन ल्यूथरने आपल्या ‘उत्पत्ती’वरील व्याख्यानांत ऑगस्टीनचे मत स्पष्टपणे नाकारून दिवस म्हणजे दिवसच असे ठरवले. जॉन कॅल्व्हिनही सहा दिवस मानत होता. परंतु १५५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या भाष्यातील एक स्थळ अभ्यासकाने बारकाईने पाहावे असे आहे. वृत्तान्तात सूर्य आणि चंद्र यांना दोन मोठ्या ज्योती म्हटले आहे, पण शनी हा ग्रह चंद्राहून मोठा असून केवळ अंतरामुळे लहान दिसतो, असे खगोलवेत्ते सिद्ध करतात. कॅल्व्हिन खगोलवेत्त्यांना खोटे ठरवत नाही, उलट त्यांच्या विद्येची स्तुती करतो; आणि परंपरेने या ग्रंथाचा कर्ता मानलेल्या मोशेने मात्र साध्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसते ते लिहिले, कारण तो विद्वानांइतकाच अडाण्यांचाही गुरू होता, असे उत्तर देतो. ईश्वर श्रोत्याच्या आवाक्याशी जुळवून घेऊन बोलतो, या तत्त्वाला ख्रिस्ती विचारात फार जुनी परंपरा आहे. कॅल्व्हिनने ते ज्या निःसंकोचपणे येथे लावले, त्याचा आधार पुढे त्याच्याशी सहमत नसलेल्यांनीही घेतला.

याच वातावरणात आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली आपली कालगणना प्रसिद्ध केली आणि सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी, २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी झाला असे ठरवले. आज ही तारीख थट्टेचा विषय होते, पण ते अन्यायाचे आहे. बायबलमधील वंशावळी, राजांच्या कारकिर्दी आणि बाबेलच्या इतिहासातील ठाऊक असलेल्या तारखा यांची सांगड घालण्याचे ते त्या काळातील उत्तम विद्वत्तेचे काम होते. त्याचा कच्चा दुवा निराळाच होता. मुलगा शेथ याच्या जन्माच्या वेळी आदामाचे वय हिब्रू पाठात १३० वर्षे आहे, तर प्राचीन ग्रीक भाषांतरात २३०. अशा फरकांची बेरीज होत जाऊन ग्रीक पाठ मानणाऱ्या पूर्वेकडील चर्चची सृष्टी सुमारे दीड हजार वर्षांनी अधिक जुनी ठरली होती. १७०१ पासून मात्र इंग्रजी बायबलच्या समासात अशरप्रणीत वर्षे छापली जाऊ लागली, आणि समासातील आकडा अनेक वाचकांच्या मनात मूळ वचनाइतकाच पवित्र होऊन बसला.

५

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून खडकांच्या थरांचा अभ्यास सुरू झाला आणि पृथ्वीचे वय सहा हजार वर्षांत बसत नाही हे स्पष्ट होत गेले. हे काम करणाऱ्यांत अनेक श्रद्धावान ख्रिस्ती, काही तर धर्मोपदेशकही होते, आणि वृत्तान्ताचा भूगर्भशास्त्राशी मेळ घालण्याचे प्रयत्न त्यांच्यातूनच पुढे आले. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक थॉमस चामर्स यांनी १८१४ साली असे सुचवले की पहिल्या वचनातील निर्मिती आणि नंतरचे सहा दिवस यांच्यामध्ये अमर्याद काळ लोटलेला आहे. या मताने सहा दिवस शाबूत राहिले, पण ज्या मधल्या काळाबद्दल मजकूर अवाक्षर काढत नाही त्यात जवळजवळ सारा भूगर्भीय इतिहास कोंबावा लागला. दुसरे मत ‘दिवस’ म्हणजे प्रदीर्घ युग असे मानणारे. त्याचा प्रभावी पुरस्कर्ता ह्यू मिलर हा तारुण्यात दगडाच्या खाणीत राबलेला पाथरवट होता आणि लाल वालुकाश्मातील माशांच्या जीवाश्मांचा जाणकार अभ्यासक होता. त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८५७ साली प्रसिद्ध झाला. या मतात काळाचा प्रश्न सुटतो, पण क्रमाचा सुटत नाही, कारण वृत्तान्तात फळझाडे जलचरांच्या आणि सूर्याच्याही आधी येतात, आणि खडकांची साक्ष तशी नाही.

त्याच १८५७ साली निसर्गशास्त्रज्ञ फिलिप गॉस याने तिसरा मार्ग सुचवला. आदाम मातेच्या उदरातून जन्मला नसला तरी त्याला नाभी असणारच, पहिल्या वृक्षांच्या खोडात वाढीची वलये असणारच. त्याचप्रमाणे पृथ्वीही निर्माण होतानाच जुनी दिसेल अशी, जीवाश्मांसह, घडवली गेली, असा त्याचा युक्तिवाद होता. तर्काने तो खोडून काढता येत नाही. परंतु पाद्री आणि कादंबरीकार चार्ल्स किंग्जली यांना त्यात दिसली ती भयंकर गोष्ट अशी की, ईश्वराने खडकांवर एक प्रचंड असत्य लिहून ठेवले असे यातून निष्पन्न होते. विज्ञानाचा पुरावा वाचवण्यासाठी नव्हे, तर ईश्वराचा सत्यनिष्ठपणा वाचवण्यासाठी ख्रिस्ती मनाने हे मत नाकारले, ही बाब या वादाचे खरे स्वरूप दाखवणारी आहे.

६

पृथ्वीचे वय काही हजार वर्षे आणि सृष्टीचे दिवस चोवीस तासांचे, असा संघटित आग्रह धरणारी आधुनिक चळवळ प्रामुख्याने विसाव्या शतकात अमेरिकेत वाढली. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन गावी शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर गाजलेला खटला चालला, तेव्हा बायबलच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी उलटतपासणीत सृष्टीचे दिवस चोवीस तासांचेच असावेत असे आपण मानत नाही, ही कबुली दिली होती. म्हणजे उत्क्रांतीचा सर्वांत प्रसिद्ध विरोधकही त्या काळी दीर्घ दिवसांचे मत बाळगून होता. चित्र पालटले ते १९६१ साली, जुन्या कराराचे अभ्यासक जॉन व्हिटकॉम्ब आणि जलविज्ञानाचे अभियंते हेन्री मॉरिस यांनी खडकांच्या बहुतेक थरांचे कारण नोहाचा जलप्रलय हेच असल्याचे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिल्यावर. त्यातील भूगर्भविषयक कल्पनांची पूर्वतयारी सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांनी केली होती, आणि ज्या पंथाचा शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, सृष्टीच्या सप्ताहावर आधारलेला आहे त्याने दिवसाच्या लांबीबद्दल इतके दक्ष असावे हे समजण्याजोगे आहे. या मताचे बळ वचनाशी एकनिष्ठ राहण्याच्या प्रामाणिक इच्छेत आहे; मात्र त्यासाठी भूगर्भशास्त्र, खगोलशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्हींचे प्रस्थापित निष्कर्ष एकाच वेळी नाकारावे लागतात, आणि ऑगस्टीनचा इशारा येथे नेमका लागू पडतो.

हा तंटा चर्च आणि विज्ञान यांच्यातला नव्हता, याचा पुरावा अर्कान्सास राज्यात मिळाला. शाळांत ‘सृष्टिविज्ञान’ शिकवण्याची सक्ती करणाऱ्या तेथील कायद्याला १९८१ साली न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि कॅथलिक बिशप होते, आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कॅथलिक चर्चने तर १९५० सालीच पोप पायस बारावे यांच्या परिपत्राद्वारे, आत्मा ईश्वर साक्षात निर्माण करतो हे कायम ठेवून, मानवी देहाच्या उत्क्रांतीवर विद्वानांनी चर्चा करण्यास मुभा दिली होती. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धान्त निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक असल्याचे मान्य केले. या भूमिकेलाही आपली अडचण आहेच : मानवजात एकाच दांपत्यापासून निघाली नसेल, तर आदामाचे आदिपाप सर्वांकडे कसे आले, या प्रश्नावर आजचे ईश्वरशास्त्र अजून झगडत आहे.

७

दरम्यान एकोणिसाव्या शतकातच वादाला निराळे वळण देणारा शोध लागला होता. निनवेच्या अवशेषांतून ब्रिटिश म्युझियममध्ये आलेल्या मातीच्या पाट्या वाचून जॉर्ज स्मिथ यांनी १८७६ साली बाबेलच्या सृष्टिकथेचा परिचय करून दिला. त्या कथेत मार्दुक हा देव तियामत या समुद्रदेवतेला मारून तिच्या देहाचे दोन भाग करतो व त्यांपासून आकाश आणि पृथ्वी घडवतो. माणूस निर्माण होतो तो एका पराभूत देवाच्या रक्तापासून, आणि तोही देवांचे कष्ट वाहण्यासाठी. ही पार्श्वभूमी ठाऊक झाल्यावर ‘उत्पत्ती’तील मौनही बोलू लागते. तेथे युद्ध नाही. सूर्य-चंद्रांना, जे शेजाऱ्यांचे देव होते, त्यांच्या नावाने न उल्लेखता केवळ ज्योती म्हटले आहे. आणि ईश्वराचे प्रतिरूप हा मान राजाला नव्हे तर प्रत्येक स्त्री-पुरुषाला दिला आहे. पहिला वृत्तान्त यहुदी लोकांच्या बाबेलमधील बंदिवासाच्या सुमारास सिद्ध झाला, हे अनेक अभ्यासकांचे मत मान्य केले, तर पराभूत लोकांनी विजेत्यांच्या विश्वचित्राला दिलेले हे उत्तर किती धीट होते याची कल्पना येते.

याच दिशेने जाणारे आणखी एक मत दिवसांच्या मांडणीकडे लक्ष वेधते. पहिल्या तीन दिवसांत प्रकाश, आकाश व समुद्र, जमीन ही क्षेत्रे तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने ज्योती, पक्षी व मासे, पशू व मानव यांनी ती भरली जातात. १९२४ साली डच अभ्यासक नोर्डत्सेय यांनी आणि पुढे मेरेडिथ क्लाइन यांनी मांडलेल्या या मतानुसार सप्ताह ही कालक्रमाची नोंद नसून रचनेची चौकट आहे, आणि त्यामुळे सूर्याआधीच्या प्रकाशाची जुनी अडचण उरत नाही. पण बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातील शब्बाथाची आज्ञा माणसाच्या आठवड्याला ईश्वराच्या सहा दिवसांचा आधार देते, आणि चौकट-मताच्या पुरस्कर्त्यांना त्या आज्ञेचे समाधानकारक स्पष्टीकरण द्यावे लागते.

८

मराठी भाषेचा या वृत्तान्ताशी संबंध जुना आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील साष्टी भागात नव्याने ख्रिस्ती झालेल्यांसाठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीच्या निर्मितीपासूनची जुन्या करारातील कथा आहे. तीन शतकांनंतर हिब्रू व ग्रीक शिकून पंडिता रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्या निधनानंतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडला. कथा आणि वचन मराठीत आले, पण त्यांच्या अर्थावरून झालेल्या विचारमंथनाची सलग ओळख मराठी वाचकाला सहजी होत नाही, आणि म्हणून पाश्चात्त्य प्रचारपुस्तिकांतील दोन टोकांची मतेच त्याला संपूर्ण वाद वाटू लागतात.

हा वाद आता प्रयोगशाळा आणि शाळा यांच्या पलीकडे गेला आहे. पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वीवर सत्ता दिलेली आहे, आणि याच शिकवणीत निसर्गाच्या शोषणाचे मूळ आहे, असा आरोप इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली केला. त्याला उत्तर देताना पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या परिपत्रात दुसऱ्या अध्यायातील बागेची मशागत व राखण करण्याची जबाबदारी पुढे ठेवली. दोन वृत्तान्तांमधील ज्या फरकाने एकेकाळी भाष्यकारांना पेचात टाकले, तोच येथे उपयोगी पडला : सत्तेचा अर्थ राखणदारीच्या मर्यादेत लावायचा असतो, हे एका अध्यायाने दुसऱ्याला सांगितले.

सर्व मतांना समान असलेला आशय थोडक्यात सांगता येतो : जग स्वतः ईश्वर नाही, ते निर्हेतुकही नाही, ते मुळात चांगले आहे आणि माणूस त्याबद्दल जबाबदार आहे. ओरिजेनपासून मॉरिसपर्यंत कोणीही यापैकी काही नाकारलेले नाही. मतभेद आहे तो हा आशय ज्या भाषेतून आला तिचे स्वरूप काय, याबद्दल. म्हणून पुढील प्रकरणे वाचताना प्रत्येक मताला तीन प्रश्न विचारावेत : ते मजकुरातील कोणत्या शब्दाला जपते, कोणत्या शब्दाला वाकवते, आणि त्याच्या मागे ईश्वराच्या स्वभावाबद्दल कोणती श्रद्धा उभी आहे. स्वतःला पटलेल्या मताची अडचण ज्याला नेमक्या शब्दांत सांगता येते, त्यालाच प्रतिपक्षाच्या मतावर बोलण्याचा अधिकार पोहोचतो.